ऊस मोजणाऱ्या यंत्रणेने मुलांचीही नोंद ठेवावी

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डीतून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे निघतात; काही राज्याची सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेली मुले असतात. विस्थापित मुलांचे शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातल्या निर्वासितांच्या छावण्या येतात. ही मुले मात्र आपल्याच राज्यातली आहेत, आपलीच पाठ्यपुस्तके शिकणारी आहेत आणि तरीही दरवर्षी काही महिने ती कोणत्याच शाळेची नसतात.

मी याच भागात शिक्षक आहे. ‘पालकांनाच शिक्षणाची आस्था नाही’ हे वाक्य बैठकांमध्ये सर्रास ऐकू येते आणि ते मला मुळीच मान्य नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर मिळते, आणि ती फेडायची तर दोघांनाही पहाटे फडात उतरावे लागते. घरी आजी धडधाकट असेल तर मूल गावी राहते, नसेल तर ते बरोबर जाते. तिथे गेल्यावर तान्ह्या भावाला सांभाळायला दहा वर्षांची बहीणच असते. कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर उभारलेल्या असतात, शाळेची वाट उभ्या उसातून जाते आणि त्या वाटेने मुलीला एकटी पाठवायला आई तयार होत नाही. तिच्या जागी मी असतो तरी पाठवली नसती.

वर्गात याचा परिणाम अगदी ठरावीक जागी दिसतो. तिसरी-चौथीत हातच्याची वजाबाकी जेमतेम बसू लागते, तेवढ्यात मूल निघून जाते. हंगाम संपवून ते परत येते तेव्हा वर्ग अपूर्णांकांपर्यंत पोहोचलेला असतो आणि फळ्यावरच्या दोन ओळींपैकी खालची कुठून आली हे त्याला कळत नाही. मूल हुशार असले तरी गप्प बसायला शिकते. पुढच्या दिवाळीला हेच पुन्हा घडते. राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणून नापास करण्याची तरतूद केली. शाळा पोहोचली नाही त्याची शिक्षा आता मुलालाच भोगावी लागते, हे मला अन्यायाचे वाटते.

कायद्यात उणीव आहे असे नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्पष्टपणे टाकलेली आहे. प्रत्येक मूल नियमित शाळेत असावे असे धोरण ठरल्यावर कारखान्यांजवळच्या, याच मुलांसाठी हंगामापुरत्या चालणाऱ्या बहुतेक साखरशाळा बंद झाल्या. धोरण योग्य होते, पण त्या मुलांना नियमित शाळेपर्यंत नेणार कोण, हे ठरलेच नाही. मूल दुसरीकडच्या शाळेत दाखवू शकेल असे शिक्षण हमी पत्रक आम्ही भरून देतो आणि ते बहुधा पत्र्याच्या पेटीत पडून राहते, कारण टोळी उतरते तिथल्या शाळेतून कोपीवर ते मागायला कोणी जात नाही. गावातली हंगामी वसतिगृहे आणि संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहे यांचा उपयोग आहेच, आणि ती वाढली पाहिजेत. मात्र सहा वर्षांचे मूल आईपासून इतके महिने तोडणे हा मला कधीच चांगला उपाय वाटला नाही. आईवडील जिथे कामाला जातात तिथल्या शाळेने त्याला घेतले पाहिजे.

आणि ते मूल शोधणे अवघड आहे, हे कारण तर टिकतच नाही. साखर कारखान्याला उसाची खडान्खडा माहिती असते. काट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव, वाहनाचा क्रमांक, वजन असे सगळे असते. कोणती टोळी आज कोणत्या गावच्या फडात आहे हे शेती विभागातल्या स्लिपबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला, तोंडपाठ असते. एवढी माहिती ठेवणाऱ्या यंत्रणेत त्या टोळीबरोबर किती मुले आहेत याची नोंद मात्र नाही, कारण ती कोणी मागितलेलीच नाही.

ती मागण्याचा अधिकार सरकारकडे आहे. प्रत्येक हंगामाआधी साखर आयुक्त गाळप परवाना देतात आणि शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, थकवली तर तो अडवून धरतात. मग तोडणी-वाहतूक कराराबरोबर प्रत्येक टोळीतल्या मुलांची नावे, इयत्ता आणि मूळ शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) देणे, टोळी उतरल्यापासून आठवड्याच्या आत ही यादी तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचवणे आणि कोपीपासून शाळेपर्यंत वाहनाची सोय करणे, या अटी परवान्यात का नसाव्यात? मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असे कारखाने म्हणतील. पण मुकादमाच्या हाती पडणाऱ्या उचलीचा पैसा बहुतेक वेळा कारखान्याकडूनच सुटलेला असतो.

आठवड्याचा आग्रह मी विचारपूर्वक धरतो आहे. निर्वासितांविषयीच्या २०१८ च्या जागतिक करारात निर्वासित मूल आल्यापासून शक्यतो तीन महिन्यांच्या आत शाळेत जावे असे म्हटले आहे. युद्धातून पळून आलेल्या कुटुंबांसाठी ती मुदत समजण्यासारखी आहे, पण आमच्याकडे तीन महिन्यांत हंगामच संपत येतो. शिवाय इथे पळापळ नाही. कोण, कधी, कोणत्या कारखान्याला जाणार हे पावसाळ्यातच ठरलेले असते. कर्नाटकात जाणाऱ्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण अनेक ठिकाणी शाळा कन्नड माध्यमाची असते. तिथे मूळ गावचा एखादा शिक्षक हंगामापुरता पाठवण्याची तयारी राज्याने ठेवली पाहिजे, आणि जायला तयार असलेले शिक्षक माझ्या ओळखीत आहेत.

परवान्याची अट येईल तेव्हा येईल. ज्यांच्या गावात टोळ्या उतरतात अशा वाचकांना आजच एक विनंती आहे. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीला घेऊन पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जा आणि मुलांची नावे लिहून घ्या. ‘दाखला आणा, मग बघू’ असे कोणी म्हणाले तर त्यांना शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे त्यात लिहिलेले आहे.