ज्या अंगाला तोंड, त्या अंगाला फेक

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो १९९५ च्या पावसाळ्यात, टेम्पोतून, आप्पांच्या वर्कशॉपच्या कास्टिंगला टेकून. खोकं उघडलं तेव्हा थर्माकोलवर बिडाचा भुसा होता. शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन चालवणाऱ्या आप्पांना त्या भुशामुळं बरं वाटलं. वस्तू आपल्यातलीच आहे, अशी त्यांची खात्री पटली. फोर एटी सिक्स, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्ड डिस्क, असं दुकानदारानं कागदावर लिहून दिलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो कागद हातभर लांब धरून वाचला आणि म्हणाले, "चारशेवीस? म्हंजे आधी सांगून फसवलंय की रं."

वर्कशॉपचा हिशेब आणि पोरांचं भविष्य, अशी या खरेदीची दोन अधिकृत कारणं होती. हिशेब शेवटपर्यंत लाल कापडाच्या वहीतच राहिला. भविष्य एका गुलाबी माकडानं अडवून धरलं.

गेम सांगलीच्या मावसभावानं दिला. 'द लायन किंग'. सिनेमा १९९४ चा, गेमही त्याच वर्षीचा, लास व्हेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजनं बनवलेला. ही माहिती मला आत्ता आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं, की तो एआरजे करून, म्हणजे दाबून लहान करून, चार फ्लॉप्यांवर आलाय आणि तिसरी फ्लॉपी वाचली जात नाही. कारण मधे खंडेनवमी झाली होती. उद्यमनगरात त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग आज्जीनं घरच्या मशिनला उपाशी का ठेवावं? मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डला अक्षता, आणि मशीनचं तोंड हेच असणार अशा हिशेबानं फ्लॉपी ड्राइव्हच्या फटीत हळदकुंकू. तिसरी फ्लॉपी नेमकी त्या वेळी आत होती. मावसभावाकडून ती पुन्हा भरून आणायला एसटीनं सांगली गाठावी लागली. एक पूर्णांक चव्वेचाळीस एमबी आणायला जाऊन-येऊन अर्धा दिवस, वर सांगलीतल्याच आत्याच्या घरी जेवलो नाही म्हणून तिचा रुसवा. आजच्या भाषेत डाउनलोड स्पीड काढायचा तर त्यात आत्यापण धरावी लागेल.

गेम चालू झाला तो दिवाळीनंतर. तोही सरळ नाहीच. डॉसला, म्हणजे तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, कामाची अशी ६४० केबी मेमरी, त्यात माऊसचा ड्रायव्हर जागा अडवून बसायचा. 'कॉन्फिग डॉट सिस' या डॉसच्या सेटिंगच्या फाइलमधली एकेक ओळ उडवत गेलो तेव्हा कुठं आमचा छावा सिंबा पडद्यावर आला. माझ्या आयुष्यातली कॉम्प्युटरची सगळी विद्या त्या आठवड्यातली आहे. पुढं कॉलेजात जे शिकवलं त्याचा नोकरीत उपयोग झाला, ही गोष्ट वेगळी.

आमच्याकडं साउंड कार्ड नव्हतं. सिंहाच्या गेममध्ये डरकाळी हे मुख्य हत्यार, आणि आमचा सिंह मुका. बटण दाबलं की तो तोंड उघडायचा आणि मिटायचा, जांभई दिल्यासारखा. हे काही अक्काला बघवेना. तिनं कामाची वाटणी केली. "मी दाबतो, तू ओरड." (आमच्या गावात बायकापण 'मी दाबतो'च म्हणतात. पुण्याची वहिनी घरात आल्यापासून याची जाणीव झाली.) मग रोज संध्याकाळी राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत दिवेलागणीला सिंहाच्या डरकाळ्या सुरू झाल्या. समोरच्या काकूंनी आईला दोन वेळा विचारलं, "पोराला कफ झालाय काय हो?"

पहिली लेव्हल सोपी. पाली, साळिंदरं, शेवटी एक तरस. दुसऱ्या लेव्हलला माकडं.

हे प्रकरण नीट सांगायला हवं, कारण ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल आणि ज्यांनी खेळला नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. झाडाझाडावर माकडं बसलेली. एकाच्या हातात सापडलात की तो तुम्हाला उचलून पुढच्याकडं फेकतो, तो त्याच्या पुढच्याकडं. यातल्या काही माकडांवर डरकाळी फोडली की ती दुसरीकडं तोंड करतात आणि फेकण्याची दिशा बदलते. म्हणजे कुठल्या माकडाला वळवायचं आणि कुठल्याला नाही, हे आधी ठरवून ठेवलं तरच तुम्ही पुढं जाता. नाहीतर चार-पाच हातांतून फिरून जिथून निघाला तिथंच येऊन पडता. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला हा गेम पहिल्या झटक्यात कळला असता. आम्ही लहान होतो.

वर सेव्ह करायची सोय नाही. जीव मोजके. आणि कोल्हापूरचा पाऊस. पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं की इकडं लाइट जाणारच. लाइट गेली की सिंबा गेला, पुन्हा पहिली पाल, पहिलं साळिंदर. पण खरं सांगू का, लाइटचा आम्हाला आधारच होता. शाळेत कुणी विचारलं की छाती काढून सांगायचं, "पार केलोच असतो लेका, लाइट गेली." चार वर्षं आमची अब्रू विजेच्या तारांनी राखली.

आबा हे सगळं कॉटवरून बघायचे. आबा तालमीतले. खासबागेतल्या कुस्त्यांचे डाव त्यांना तारीखवार पाठ, आणि सत्तरीतही पहाटे गंगावेशच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायचे, तिथं म्हशी दारातच पिळतात. पहिले काही दिवस त्यांना तो पडद्यावरचा प्राणी मांजर वाटला. मग सिंह आहे म्हटल्यावर त्यांना त्याची लाज वाटायला लागली. "सिंह असून माकडं उचलत्यात? खुराक न्हाई त्याला." आम्ही तावातावानं बटणं बडवायचो आणि पाठीमागून सूचना यायच्या. ढाक लाव. घिस्सा मार. पट काढ. अक्का एकदा वैतागून म्हणाली, "आबा, ह्यात पट न्हाई, ॲरो की हाय."

आबा गप्प झाले. गप्प म्हणजे पहिलवान गप्प होतो तसे, समोरच्याचे पाय बघत. असे तीन आठवडे बसले असतील. मग एका रात्री दूध-भाकरी खाता खाता म्हणाले, "ते माकड कुठं बघतंय ते बघत न्हाई तुम्ही. ज्या अंगाला तोंड, त्या अंगाला फेक."

आम्ही हसलो. आबांना काय कळतंय, म्हटलं. अख्ख्या कोड्याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं होतं आणि आम्ही त्यानंतर सहा महिने माकडांच्या तोंडाकडं न बघता खेळत राहिलो.

मधल्या काळात डरकाळीचं बटण गेलं. अक्काचं बोट जड. बटणाखालची स्प्रिंग बसली ती उठेना. दुकानदार म्हणाला, नवीन कीबोर्डच घ्या. आप्पांना हा शब्द सहन होत नसे. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात एका बटणासाठी नवीन मशीन? ते तुटकी स्प्रिंग खिशात घालून वर्कशॉपला गेले आणि संध्याकाळी नवीन घेऊन आले. चांगली चकचकीत, तेल लावलेली. बसवलीपण त्यांनीच. फरक एवढाच, की उद्यमनगरात तेव्हा जे पार्ट बनत ते पंपाचे आणि ट्रॅक्टरचे, आणि आप्पांच्या हाताला तेच माप ठाऊक. त्यानंतर डरकाळी फोडायला अंगठा पुरेना. अक्का दोन्ही हातांनी, उभी राहून, श्वास रोखून बटण दाबायची आणि मी त्याच क्षणी ओरडायचो. सिंबाला एवढ्या कष्टानं डरकाळी फोडायला आफ्रिकेतपण लागली नसेल. आप्पा मात्र खूश. "आता हे मरंस्तवर जात न्हाई." गेलं नाहीच. पुढं हार्ड डिस्क गेली, मॉनिटर गेला, कीबोर्ड भंगारवाल्यानं वजनावर नेला, त्या बटणासकट.

एकदा, फक्त एकदा, आम्ही माकडं पार केली. सुट्टीतली दुपार, आबा शेजारी खुर्ची ओढून बसलेले, आणि आम्ही हट्ट सोडून त्यांचं ऐकलं. ते बोट दाखवायचे, "हे वळीव. हे राहू दे. ते वळीव." सिंबा माकडांच्या हातांतून असा गेला, की आबा आपसूक मांडीवर थाप मारून उभे राहिले. आणि आम्ही पोचलो शहामृगावर. शहामृग आपण न सांगता पळतं, आपण फक्त उडी मारायची किंवा वाकायचं, आणि मधेच अशी एक जागा येते की उडीतून आणखी उडी घ्यावी लागते. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सिंबा पडला. आबा म्हणाले, "पाठ लागली." पुन्हा सुरू करणार तोच लाइट गेली. या वेळी खरंच पार झालं होतं, आणि शाळेत कुणी विश्वास ठेवला नाही.

आमचा सिंबा कधी वयात आला नाही. दहा लेव्हलचा गेम, त्यात सातव्या लेव्हलला तो मोठा होतो, आयाळ येते, हे मी खूप नंतर कुठंतरी बघितलं. सिनेमा तर आणखी उशिरा, केबलवर. तोवर माझी समजूत अशी, की एका छाव्याला जंगलातली माकडं छळतात आणि त्यातून तो कसा सुटतो हीच ती गोष्ट. सिनेमात बाप मरतो, काका राज्य बळकावतो, हे बघून मी चाटच पडलो. आणि ती माझी अख्खी दुसरी लेव्हल म्हणजे फक्त एक गाणं! शहामृग, जिराफ, नाचगाणं, तीनेक मिनिटांत खेळ खलास. माझी चार वर्षं तीन मिनिटांत उरकली त्यांनी.

खरा धक्का मात्र अलीकडं बसला. गेम बनवणाऱ्यांपैकी एकानं मुलाखतीत सांगितलं, की ती माकडं मुद्दाम अवघड केली होती. अमेरिकेत तेव्हा गेम भाड्यानं मिळत. पोरं शनिवार-रविवारपुरता न्यायची, संपवायची, परत करायची आणि विकत कुणी घ्यायचंच नाही. म्हणून वरून हुकूम आला, सुरुवातीलाच अडकवा.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. भाड्याचा जिन्नस वसूल करण्याची वृत्ती मला परकी नाही. आम्ही तासावर सायकल आणून उतरायच्या आधी पाच मिनिटं जोरात हाणायचो, एका रात्रीच्या व्हीसीआरवर तीन पिक्चर बघून सकाळी तापलेला परत द्यायचो. तेव्हा तिकडच्या पोरांचं मी समजू शकतो. पण त्यांच्या भाड्याची शिक्षा राजारामपुरीत का? मी तर भाडंपण दिलं नव्हतं. (विकतही घेतला नव्हता, पण तो मुद्दा इथं नको.)

हे पाप फेडावं म्हणून मी मागच्या महिन्यात तो रीतसर विकत घेतला. २०१९ साली जुना 'अलादीन' आणि हा असे दोन्ही गेम एकत्र करून नव्यानं काढलेत. आमचा डॉसचा नव्हे, पण माकडं तीच. कानाला हेडफोन लावला, कारण तीस वर्षांत पहिल्यांदा मला सिंबाची डरकाळी ऐकायची होती. माझ्या डोक्यात ती फार मोठी होती. पंचगंगेपलीकडं जाईल अशी. बटण दाबलं.

मांजराच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा, तेवढीच.

समोरच्या काकूंना कफ वाटला होता तो माझा आवाज निदान दमदार तरी होता.

या नव्या आवृत्तीत रिवाइंड आहे. चुकलं की बटण दाबून धरायचं, काळ मागं जातो, पुन्हा करायचं. माझ्या दहा वर्षांच्या चिरंजीवानं माकडं चहा निवायच्या आत पार केली, शहामृगपण केलं, आणि "ह्यात काय होतं एवढं बाबा?" असं विचारून तो खाली खेळायला गेला. गेम स्वतःच खेळतोय आणि आपण नुसतं बघतोय अशीही सोय आहे. मी दोन्हीला हात लावला नाही. तालमीच्या घरातला माणूस रिवाइंड करत नसतो. मी सरळ खेळलो आणि रात्री साडेदहापर्यंत त्या माकडांनी मला गल्लीतल्या चेंडूसारखा खेळवला. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिनं ताट झाकून ठेवलं.

आणि लाइट गेली.

तोंडातून सवयीनं गेलंच, "छ्या! पार केलोच असतो..." पण लॅपटॉपला बॅटरी असते. अंधारात तेवढा पडदा उजळलेला, त्यावर गुलाबी माकड डावीकडं तोंड करून बसलेलं, कुठंही न जाता. सांगायला काहीच उरलं नव्हतं.

आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. आप्पा आता ऐंशीला आलेत, लाइट गेली की त्यांची झोप मोडते. येऊन माझ्यामागं उभे राहिले.

"अजून तितंच हाईस व्हय?"

"अवघड आहे ते, आप्पा."

"आबा काय सांगत हुते? तोंड कुणीकडं हाय बघ. सरक जरा. ते ओरडायचं बटण कुठलं?"

दाखवलं. त्यांनी लेथवर पन्नास वर्षं घासलेला अंगठा सगळी ताकद काढून त्यावर ठेवला आणि दाबला. लॅपटॉप टेबलावर दोन बोटं सरकला. माकड उजवीकडं वळलं.

आप्पांचं माकडाकडं लक्षच नव्हतं. त्यांनी बटण पुन्हा एकदा, नुसतंच, हलक्या हातानं दाबून बघितलं.

"लईच भुसभुशीत हाय की रं," ते म्हणाले. "उद्या स्प्रिंग टाकून आणतो."