ताप उतरला तो काढ्याने?

आमच्याकडे कोणाला ताप आला की थर्मामीटरच्या आधी सासूबाईंचा हात येतो. कपाळावर नाही, मानेवर, कॉलरच्या आत. "कसर आहे अंगात," एवढंच बोलतात आणि गवती चहा तोडायला गॅलरीत जातात. कसर हा शब्द मला फार आवडतो. थर्मामीटर 99 दाखवत असतो, पण माणूस नेहमीसारखा नसतो, ते सगळं त्यात येतं.

मी काढ्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं, दोन मिरी, गुळाचा खडा. गरम गरम पोटात गेलं की घसा सुटतो, तेवढंच पाणीही जातं अंगात. पण काढ्याने ताप उतरला असं कोणी म्हटलं की मी भांडते. विषाणूचा साधा ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपला आपण जातो. तिसऱ्या दिवशी जे पोटात जाईल त्याचं नाव होतं, मग तो काढा असो, पेज असो नाहीतर मावशीने उतरवून टाकलेली मीठ-मोहरी.

घड्यांचं मात्र मी स्वतः चुकले आहे. लेक तीन वर्षांचा, रात्री तापाने फणफणलेला, 103. मी वाटीत मिठाचं पाणी घेतलं आणि अतिशहाणपणा करून त्यात फ्रीजमधला बर्फ टाकला. जुन्या पंचाचा चौकोन, कपाळावर, काखेत, पोटावर. पाच मिनिटांत पोराला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. अर्ध्या तासाने पाहिलं तर पारा आणखी वर.

का, ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. तापात मेंदूच शरीराचा आकडा वर नेऊन ठेवतो. बाहेरून गार केलं की शरीराला वाटतं आपली ऊब चालली, मग ते कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि थरथरून आणखी उष्णता तयार करतं. पॅरासिटामॉल तो आकडाच खाली आणतं. म्हणून आधी औषध, तेही वयावर नाही, वजनावर (मुलांना एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास). मग पोराला बरं वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा. कुडकुडला की थांबा. आणि मीठ? मीठ भातात घाला.

गोधडीत गुंडाळून घाम काढणाऱ्यांनाही हेच. घाम आला म्हणून ताप उतरत नाही, ताप उतरायला लागला म्हणून घाम येतो.

गुळवेलीचं कोणी नाव काढलं की मी गप्प बसत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. मला तर त्या आक्षेपाचीच जास्त भीती वाटली. कुंपणावरून तोडून आणलेली वेल नक्की कुठली, हे आपल्यापैकी कोण तपासतं?

पण ही पोस्ट लिहायला बसले ती गेल्या सप्टेंबरमुळे. नवऱ्याला डेंग्यू. तीन दिवस 102-103, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून आलेलं. अंगदुखीसाठी घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तो घेणारच होता, मी हातातून काढून घेतली, कारण डेंग्यूत तिने आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजारच्या काकू रोज सकाळी पपईच्या पानांचा रस आणून देत. हिरवागार, कडूजहर. चौथ्या दिवशी ताप गेला. काकू खूश, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मीही ऑफिसला निघाले होते.

दुपारी त्याचं पोट दुखायला लागलं. मग उलट्या, हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही. सासूबाईंनी मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, ताप नाहीये गं, मग असं का करतोय?"

डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे रक्तातलं पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब घसरतो. थर्मामीटर तेव्हा 98 दाखवत असतो. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघून पेढ्यांची भाषा करत होतो.

तो पाच दिवस सलाईनवर होता. घरी आल्यावर मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं, सगळं सासूबाईंच्या हातचं, आणि ते त्याने पोटभर खाल्लं. काकू अजून म्हणतात, "रस होता म्हणून निभावलं हो." मी हसते. वाद घालायचा तर त्यांनी पाच दिवस माझ्या लेकाला सांभाळलं, ते कुठे ठेवू?

सासूबाई आता हात लावून झाला की विचारतात, "लघवी झाली का रे सकाळपासून?" आणि मग जातात गवती चहा तोडायला.