कम्प्युटर पुसायचाय, अंघोळ नाही घालायची

कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं की घरातल्या प्रत्येकाच्या अंगात केमिस्ट्रीचे सर संचारतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वरच्या कूलरकडे पोचवणारा लेप) वाळलीये, ती पुसून नवीन लावायची, एवढंच माझं म्हणणं. पण सगळे आपापली बाटली घेऊन हजर.

पहिली ताई, नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन. "एका फटक्यात निघेल बघ!" निघेल ना, त्यात बऱ्याचदा अ‍ॅसिटोन असतं आणि ते एबीएस प्लास्टिक विरघळवतं, म्हणजे पेस्टबरोबर आजूबाजूचं प्लास्टिक-बिस्टिकही धोक्यात, वर त्यात सुगंध नि तेल घातलेलं, प्रोसेसरचं काय लग्न आहे का?

दाजींकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, डब्ल्यूडी-४०चा तेलकट स्प्रे. बिजागरी कुरकुरली मार, रॅम चालेना मार. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ मग मुक्कामालाच येते. बाबांनी पेट्रोल सुचवलं. मी काही बोललो नाही, काडेपेटी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून आलो.

आई म्हणाली सॅनिटायझर घे, त्यात अल्कोहोलच असतं ना? असतं गं, पण पाणी, जेल आणि ग्लिसरीन पण असतं, हात मऊ राहावेत म्हणून. मदरबोर्डला मऊ हातांचं काय करायचंय!

खरं लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यातही ७० टक्केवालं की ९९, हा घोळ आहेच. जंतू मारायला ७० वालं सरस, कारण तिथे पाण्याची मदत होते, इथे नेमकं तेच पाणी नकोय, म्हणून ९९ वालं, जे झटकन उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. फक्त वायर काढायची, खिडक्या उघडायच्या आणि आसपास ठिणगी नको, कारण साधारण १२ अंशांनाच त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात (बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी "मग पेट्रोलच काय वाईट होतं" असं विचारलं, ते सोडा). आणि हो, कॅबिनेटचं पारदर्शक दार अ‍ॅक्रिलिकचं असेल तर त्याला हे लावायचं नाही, बारीक बारीक तडे जातात.

तोवर काकू काच पुसायचा स्प्रे घेऊन मॉनिटरपाशी पोचल्या होत्या. म्हटलं थांबा, त्यात अमोनिया असेल तर स्क्रीनवरचं कोटिंग खराब होतं, त्यापेक्षा तुमचं ते चष्मा पुसायचं मऊ फडकं द्या.

देईनात.