तेरावा बंद करताना

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. तेरावा बंद करायचा, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं की सगळं आटपायचं, उरलेला पैसा गावच्या शाळेला द्यायचा. कर्ज काढून पंगती उठवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण त्याच दमात कुणीतरी लिहिलं, 'भेटायलाही येऊ नका, फोन पुरे.' हे मला पटत नाही.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत राहते. इथे कुणी गेलं की स्थानिक रेडिओवर नाव वाचलं जातं आणि गाव त्या घरी लोटतं. याला 'वेक' म्हणतात. शेजारचे आजोबा वारले तेव्हा मीही गेले होते. बैठकीच्या खोलीत उघडी शवपेटी, आजोबांच्या बोटांत गुंडाळलेली जपमाळ, उशाशी खुर्चीवर आजी. येणारा प्रत्येक जण आधी आजींचा हात हातात घेई. स्वयंपाकघर शेजारणींनी ताब्यात घेतलेलं. चहा आणि सँडविचची ताटं सारखी फिरत होती. आजोबांचे किस्से निघाले की लोक मोठ्याने हसत, आजीसुद्धा. लहान मुलांना कुणी बाहेर पिटाळलं नाही. शहरांत हे आता बरंचसं फ्युनरल होममध्ये होतं, तरी लोक जातातच.

आपला कडू घास याच जातीचा. ज्या घरात चूल पेटत नाही, तिथे शेजारचं पिठलं-भाकरी येतं. त्याला ना कर्ज लागतं, ना भटजी.

मोडायचं असेल तर वेगळंच काही आहे. माझे चुलते गेले तेव्हा काकूंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. माणसं येत, बाहेर माझ्या चुलतभावांशी बोलत आणि उठत. काकू आतल्या खोलीत. नवरा तिचा गेला होता! आपल्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तसंच करावं असं परिपत्रक शासनाने त्याच महिन्यात काढलं. ग्रुपवरच्या एवढ्या चर्चेत हेरवाडचं नावही निघालेलं नाही.

भावकीने ठराव जरूर करावा. पहिलं कलम बांगड्या-कुंकवाचं, मग पंगतीचं. भेटायला येऊ नका म्हणणाऱ्या कलमाला मात्र माझा विरोध राहील, आणि तसं मी ग्रुपवर लिहिलंही आहे.