राजारामला किती फूट, आणि आपल्या दारात किती?

जुलै लागला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर पहिला प्रश्न पंचगंगेच्या पाण्याचा असतो: "राजारामला किती झालं?" समोरचा खिशातला मोबाईल न काढता सांगतो, "एकेचाळीस चार. चढतंय अजून." रिक्षावाले सांगतात, भाजीवाल्या मावशी सांगतात, चौथीतलं पोरगंही सांगतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हे आकडे इथं पाढ्यासारखे पाठ असतात. १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण ४० हजार लिटर पाणी, तेही एका दरवाज्यातून, आणि असे दरवाजे ७. नदीचे आकडे इतके तोंडावर असणाऱ्या गावाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण तो आकडा एका जागेचा आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीवर पाणी कुठं टेकलंय, एवढंच तो सांगतो. तिथं ४५ फूट असताना शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किती पाणी असेल, जयंती नाल्याचं पाणी मागं कुठवर फुगेल, दुधाळीच्या आतल्या बोळात ते रात्री शिरेल की सकाळी, याचं उत्तर त्या पट्टीवर मिळत नाही. ते उत्तर आजवर गल्लीतली जुनी माणसं देत आली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी त्यांचेही अंदाज मोडीत काढले.

म्हणून माझं मागणं एकच आहे. पंचगंगेच्या पुराचा अभ्यास गल्लीपर्यंत यायला हवा. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी पूर नसतानाही रोजच्या रोज व्हायला हव्यात आणि त्या सगळ्यांना बघायला मिळायला हव्यात.

मी भूगोल शिकवते. वर्गात सगळ्यात आधी जिल्ह्याचा नकाशा लावते आणि पोरांना दोन ठिकाणं शोधायला सांगते, गगनबावडा आणि शिरोळ. गगनबावड्याला वर्षाचा पाऊस ५००० मिलिमीटरच्या वर, शिरोळला ५०० च्या आसपास. जिल्हा एकच, मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून उतारानं धावत प्रयाग चिखलीला येतो. (पाचवी सरस्वती गुप्त मानली आहे; ती श्रद्धेची आहे आणि मला प्रिय आहे.) तिथून पुढं उतार जवळजवळ संपतो. नदी वळणं घेत, उसाच्या रानातून पसरत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्याच वेळी कृष्णा कोयना-वारणेचं पाणी घेऊन तुडुंब असेल, तर ती पंचगंगेला पोटात घेत नाही. मग फुगवटा मागं सरकतो. जे पाणी एका दिवसात येतं, त्याला उतरायला आठवडा लागतो. वाडीच्या दत्त मंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की आपण दर्शनाला जातो. त्या दिवशी खाली नदीला जागा उरलेली नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजारामची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. दोन्ही महापूरच, पण त्यांची जात वेगळी. २०१९ ला पाऊस दिवसेंदिवस हटला नाही, धरणं भरत गेली, विसर्ग वाढत गेला आणि खाली कृष्णाही भरलेली होती. २०२१ ला घाटात अगदी थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस कोसळला आणि त्यातला मोठा वाटा धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटातला होता. त्या पाण्याला अडवायला भिंतच नाही. त्यामुळं "धरणं आधी रिकामी ठेवा" हा उपाय पहिल्या जातीच्या पुराला बराच लागू पडतो, दुसऱ्याला फारसा नाही. दुसऱ्या जातीसाठी घाटात कुठं, किती वाजता, किती मिलिमीटर पडला, हे त्याच तासाला कळावं लागतं. यावर आपल्याकडे चर्चा होते ती पाणी घरात आल्यावर, आणि ती बहुतेक वेळा कुणाला तरी शिव्या घालून संपते. त्याचं मला वाईट वाटतं.

शाहूपुरीत माझ्या मावशीचं घर आहे. २०१९ चं पाणी उतरल्यावर आम्ही सगळे साफ करायला गेलो होतो. गाळ इतका बारीक होता की रेशनकार्डच्या प्लास्टिक कव्हरच्या आतही तपकिरी थर बसला होता. लाकडी कपाटाचे खण फुगून अडकले होते, ओढले तर मुठी हातात आल्या. भिंतीवर पाण्याची सरळ रेघ उठली होती. काकांनी तिच्यावर पेन्सिल फिरवून शेजारी तारीख लिहिली. २०२१ ला पाणी त्या रेघेच्या चार बोटं वर गेलं. काकांनी दुसरी रेघ मारली. राजारामच्या पट्टीवर दोन्ही पुरांत अर्ध्या फुटाहून जास्त फरक होता, इथं मात्र चार बोटांचा. पाणी तिथं कुठून आलं, नदीकडून की नाल्याकडून, मधे काय अडवं आलं, हे सांगायला अशा शंभर रेघा लागतात. पुढं घराला रंग दिला आणि दोन्ही रेघा गेल्या. शहरात अशा हजारो भिंती असतील. प्रत्येक रंगकामाबरोबर आपला एक पुरावा पुसला जातोय.

आता पूररेषेबद्दल. निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द प्लॉट घेताना सगळ्यांच्या कानावर पडतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. यावर लोक म्हणतात, "२०२१ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत." असं म्हणणाऱ्या शिकलेल्या माणसांशी मी वाद घातलाय. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेच्या काठावर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत पाणी एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एक. निळ्या रेषेच्या काठावर हाच हिशेब ७० टक्क्यांवर जातो. दहातली सात घरं! हे गणित बारावीतल्या पोरांना दहा मिनिटांत कळतं. प्लॉट विकताना ते कुणी सांगत नाही. मला विचाराल तर बांधकाम परवान्याच्या अर्जावर हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापले पाहिजेत.

शिवाय या रेषा जुन्या नोंदींवरून काढलेल्या असतात. नोंदी जितक्या लांबच्या आणि सलग, तितकी रेषा भरवशाची. ज्या नोंदींत २००५ नाही, २०१९ नाही, २०२१ नाही, त्यांच्यावरून काढलेली रेषा आजच्या घाटातल्या पावसाला पुरणार नाही. रेषा पुन्हा आखायची म्हटलं की जमिनीच्या भावामुळं ओरड होते. होऊ दे. घाटातला पाऊस जमिनीचा भाव बघून पडत नाही.

ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहतं, त्या माणसांची नावं कधी बातमीत येत नाहीत. रात्री दोन वाजता भर पावसात बॅटरी घेऊन बंधाऱ्यावर जायचं, लाटांमुळं पट्टीवर पाणी वरखाली हलत असताना थांबून मधला आकडा धरायचा, वहीत लिहायचा, फोन करायचा, एका तासानं पुन्हा तेच. एवढ्या कष्टानं घेतलेली नोंद नंतर फायलीत पडून राहू नये असं मला वाटतं. महसूल मंडळांमध्ये महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ही माहिती आपल्या करातून उभी राहिली आहे. ती गावच्या शाळेत, तालमीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचता येईल अशा रूपात मिळायला हवी. पुराचं गाव म्हणून आपण ओळखले जातो, पण मार्चमध्ये पन्हाळा-शाहूवाडीच्या वरच्या वाड्यांत हंडे रांगेत लागतात. त्या विहिरींचे आकडे किती जणांनी बघितलेत?

नोंद आधीपासून असली की काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्या उशाशी आहे. कोयनेच्या जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं, तसे छोटे धक्के जाणवू लागले. त्यानंतर लवकरच तिथं भूकंपमापक बसवले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोल्हापुरातल्या जुन्या लोकांना ती पहाट अजून आठवते. पण मापक आधीच होते, म्हणून जलाशय आणि भूकंप यांचा संबंध जगाला कोयनेवरून अभ्यासता आला, आणि आजही तो अभ्यास चालू आहे. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. वरचा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. भूकंप अमुक दिवशी होईल असं हे संशोधन सांगत नाही, सांगणारही नाही. जमीन कुठं ताणली जातेय, कशी हलतेय, हे ते वर्षानुवर्षं लिहून ठेवतं. कुणी "यातून मिळालं काय?" असं विचारलं की मी १९६७ च्या आधी बसवलेल्या त्या मापकांकडे बोट दाखवते. ते बसवले तेव्हाही हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असेल.

जंगलाचंही तसंच. राधानगरी हे १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आणि ते गव्यांसाठी झालं. आज गवा उसात दिसला की आपण शेकड्यानं मोबाईल घेऊन धावतो. जनावर बिथरतं आणि माणसाच्या जिवावर बेततं. गवे कुठल्या महिन्यात, कुठल्या ओढ्यानं, कुठल्या पाणवठ्यासाठी खाली येतात, याची गावनिहाय नोंद असेल तर लोकांना आधी सावध करता येईल. विशाळगडावर कंदीलपुष्पाची एक नवी जात सापडली आणि २०२३ मध्ये तिला शिवरायांचं नाव मिळालं. असे शोध वर्षानुवर्षं पावसात कडे-कपाऱ्या फिरणाऱ्यांनाच लागतात.

अलमट्टीचा, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाचा, विषय निघणार हे मला माहीत आहे. तो महत्त्वाचा आहे, मी तो टाळत नाही. उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करण्याचा मुद्दा आपल्या पोटात गोळा आणणाराच आहे. २०१९ नंतर पुराच्या अभ्यासासाठी राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पात्रातल्या अतिक्रमणांवर आणि अडथळ्यांवर बोट ठेवलं, ते काहींना पटलं, काहींना नाही. माझं म्हणणं असं की अलमट्टी, हिप्परगी, राजापूर, शिरोळ आणि राजाराम यांची तासातासाची पातळी एकाच पानावर शेजारीशेजारी, मराठीत आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना बघायला ठेवा. कुठलं पाणी कुणामुळं आणि किती तास तुंबलं, हे मग सभेतल्या आवाजावर ठरणार नाही. आणि तोवर जे आपल्या हातात आहे ते करा. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव पाण्याच्या आडवा पसरलाय. २०१९ ला आणि २०२१ ला तोच महामार्ग पाण्याखाली जाऊन शहर तुटलं. नवं काम करताना पाण्याला वाट ठेवली पाहिजे, म्हणजे भरावाऐवजी खांब आणि कमानी. यासाठी कर्नाटकची परवानगी लागत नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा साऱ्या महाराष्ट्रात गेला. बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालायचे, कधी काढायचे हे नदी बघून ठरवणारी माणसं इथली. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी काढलं तेव्हा संस्थान किती लहान होतं ते आठवा. पाण्याचा अभ्यास करायची आपल्याकडे जुनी सवय आहे. आज विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, गल्लोगल्ली तालमी आणि मंडळं आहेत. प्रत्येक तालमीनं आपल्या भागात एका पक्क्या भिंतीवर फुटांची पट्टी रंगवली, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची कॉलेजच्या पोरांनी मोजून दिली आणि पूर आल्यावर दर तासाला फोटो काढला, तर दोन-तीन पावसाळ्यांत राजारामच्या आकड्यावरून आपल्या गल्लीचा अंदाज बांधता येईल. खर्च रंगाच्या डब्याचा.

सुरुवात इथंच करूया. खाली तुमची गल्ली लिहा. २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, २०२१ ला कुठपर्यंत, आधी नाल्याकडून आलं की नदीकडून, आणि उतरायला किती दिवस लागले. २००५ किंवा १९८९ चं आठवत असेल तर तेही. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर फार बरं. आणि मोबाईलमधले पुराचे जुने फोटो जागा कमी पडते म्हणून उडवू नका. मूळ फाईलमध्ये तारीख आणि वेळ असते, व्हॉट्सॲपवरून आलेल्यात ती बहुधा राहत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत माझे विद्यार्थी या नोंदी घेऊन टेपसकट तुमच्या दारात येतील, त्यांना तेवढी भिंत दाखवा.