बारमाही सुंदर तळ्याचा ताप

चीनमधल्या हांगझोऊच्या लोकांचं एक जुनं म्हणणं आहे: उन्हातल्या तळ्यापेक्षा पावसातलं तळं सरस, पावसातल्यापेक्षा चांदण्यातलं, आणि चांदण्यातल्यापेक्षा बर्फातलं. तळं म्हणजे शी-हू, पश्चिम सरोवर. गावकऱ्यांनीच गुणानुक्रमे निकाल लावून ठेवलाय म्हटल्यावर तिथे कधी जायचं हे ठरवण्याचं आपलं काम सोपं व्हायला हवं. होत नाही. कारण पहिला नंबर पटकावलेला बर्फ अख्ख्या हिवाळ्यात मोजके दिवस पडतो, तोही न कळवता, आणि आपलं विमानाचं तिकीट तर तीन महिने आधीच काढलेलं असतं.

त्यात सू दोंगपोने घोळ वाढवला. हा कवी अकराव्या शतकात या गावी दोनदा सरकारी अधिकारी म्हणून आला. त्याने तळ्याला शीत्स नावाच्या लावण्यवतीची उपमा दिली आणि साज साधा असो की भरजरी, हिला सगळंच शोभतं, असं लिहून मोकळा झाला. तेव्हापासून कुणालाही विचारा, वसंत सुंदर, उन्हाळा सुंदर, शरद सुंदर, हिवाळा तर विचारूच नका. खरंही आहे ते. पण सू दोंगपो तिथेच राहत होता आणि वर पगारही घेत होता. ज्याला रजा मंजूर करून घ्यायची आहे, व्हिसा काढायचा आहे आणि मुलांची परीक्षा सांभाळायची आहे, त्याने या सल्ल्याचं काय करावं?

म्हणून माझी पद्धत उलटी. काय बघायचं ते नंतर, काय चुकवायचं ते आधी.

आधी बर्फाचा निकाल लावू. बर्फासाठी प्रसिद्ध आहे दुआनचिआओ, म्हणजे तुटका पूल. पूल चांगला धडधाकट आहे. बर्फानंतर उन्हाकडची बाजू आधी वितळते, सावलीतली पांढरी राहते आणि लांबून पूल मध्येच तुटल्यासारखा दिसतो, असं सांगतात. आता यासाठी काय काय जुळून यायला हवं बघा. बर्फ रात्री पडला पाहिजे, सकाळपर्यंत टिकला पाहिजे, सकाळी ऊन पडलं पाहिजे आणि तोवर पुलावर कुणी पाय ठेवलेला नसला पाहिजे. पहिल्या तीन अटी एखाद्या वर्षी जुळतातही. चौथी कधीच नाही, कारण बर्फाची बातमी फुटली की गाव कॅमेरे घेऊन नेमकं पुलावरच धावतं. पुलावर उभं राहिलेल्याला पूल दिसत नाही, एवढं साधं गणित त्या गर्दीत कुणी करत नाही. बघायचाच असेल तर उत्तरेच्या बाओशी टेकडीवर चढा. आणि गरम कपडे नेहमीपेक्षा एक थर जास्त घ्या. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात घरोघरी सरकारी उष्णता पोचते, हांगझोऊ मात्र त्या रेषेच्या दक्षिणेला पडतं. पारा शून्याच्या जरासा वर, हवा ओली, आणि खोलीतला एसी गरम हवा सोडतो ती छतापाशीच घोटाळत राहते.

वसंत म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. सू बांधावर एक विलो, एक पीच अशी आळीपाळीने झाडं लावली आहेत. तळ्यातला गाळ काढून तोच रचून सू दोंगपोने हा बांध घातला. लांबी सुमारे २.८ किलोमीटर, वर सहा पूल. पीच फुलतो बरोबर छिंगमिंगच्या सुमाराला. छिंगमिंग म्हणजे पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचा दिवस, ४ किंवा ५ एप्रिल, आणि सुट्टी. पितरांचं आटोपून मंडळी बांधावर येतात. श्वेतनागिणीच्या दंतकथेत नायक-नायिका तुटक्या पुलापाशी पावसात भेटतात आणि छत्री उसनी देण्याघेण्यातून प्रेम जमतं. आज त्या दिवसात छत्री उघडलीत तर चौघांच्या डोळ्यांत काड्या जातील, प्रेमाचं लांबच. एप्रिल सरता सरता रस्त्याकडेच्या चिनार जातीच्या झाडांची लव उडू लागते. ॲलर्जी असेल तर मास्क घ्या.

आपली मेची सुट्टी? पहिले पाच दिवस सोडूनच द्या. १ मे तिकडेही सुट्टीचा, फक्त तिकडे तो पाच दिवस चालतो. मेचा मधला पंधरवडा बरा असतो. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पावसाची झड लागते. कोकणातल्या माणसाला तिचं काही वाटणार नाही, पण चपला वाळत नाहीत. पुढे पारा पस्तिशीच्या वर जातो. या दिवसांत जाण्याचं एकच कारण म्हणजे कमळं, आणि ती तळ्याकाठच्या छ्यूयुआन बागेत. कमळ पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटू लागतं. तिथे जूनमध्ये पाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. म्हणजे हॉटेलची फुकट न्याहारी उरकून निघणाऱ्याला पानं दिसतात.

शरद ऋतूत खरी परीक्षा. क्वेह्वाची बारीक पिवळी-केशरी फुलं येतात, मानच्युएलोंगच्या रस्त्याने नुसता वास वाहतो. पण हे झाड मोठं लहरी. सलग काही रात्री गारवा पडल्याशिवाय फुलत नाही, फुललं की आठवडाभर टिकतं, आणि एका जोरदार सरीत सगळा सडा खाली. सप्टेंबर तापलेला राहिला तर फुलं ऑक्टोबरात सरकतात. आणि ऑक्टोबर उजाडतो तो राष्ट्रीय दिनाच्या सात-आठ दिवसांच्या सुट्टीनेच. तेव्हा तळ्यातल्या दुसऱ्या, बाय बांधावर आपण चालत नाही, मागचे आपल्याला पुढे नेतात. गर्दी हाताबाहेर गेली तर मेट्रो तळ्याजवळच्या लोंगशिआंगचिआओ स्थानकात न थांबता पुढे निघून जाते. त्या सुट्टीत इथे भरधाव गेलेला मराठी माणूस एकच, आपला अविनाश साबळे. १ ऑक्टोबर २०२३ला आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ८ मिनिटं १९.५० सेकंदांत घेतलं. जवळपास तेवढ्याच लांबीचा सू बांध त्या दिवशी त्यालाही तेवढ्यात जमला नसता. स्टीपलचेसमधले अडथळे निदान फोटो काढायला थांबत नाहीत.

चांदण्याचंही ऐकून घ्या. तळ्यातल्या तीन दगडी मनोऱ्यांना प्रत्येकी पाच गोल भोकं आहेत. आत दिवे लावले की पाण्यात चंद्रच चंद्र. एक युआनच्या नोटेमागे हेच चित्र आहे. मात्र मनोऱ्यांजवळच्या बेटावर नेणाऱ्या नेहमीच्या बोटी संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतात. म्हणजे कोजागिरी काठावरूनच.

तेव्हा सरळ सांगतो, नोव्हेंबरचा उत्तरार्ध. बेइशान रस्त्यावरची झाडं पिवळी पडलेली, हवा स्वेटरपुरती गार, मोठी सुट्टी एकही नाही. दिवाळी उशिरा आली तर मुलांची सुट्टीही सांभाळता येते. लिंगयिन मंदिरासमोरचा डोंगरही याच फेरीत करा. तो भारतातून उडून आला, असं चौथ्या शतकात हुईली नावाच्या भारतीय भिक्षूने सांगितलं आणि तिथल्या लोकांनी ते ‘उडून आलेलं शिखर’ या नावासकट मान्य केलं. आपण त्याला भेटायला व्हिसा काढून जायचं.

नोव्हेंबर जमतच नसेल तर एक चोरवाट आहे. चीनमध्ये मोठी सुट्टी दिली की आसपासचा एखादा शनिवार-रविवार कामाचा करून तिची भरपाई घेतात. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक सरकार आदल्या वर्षाअखेरीस जाहीर करतं. २०२५मध्ये २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार असे कामाचे होते. असा दिवस गाठा. अख्खा देश चरफडत कचेरीत बसलेला असतो. तरीही सकाळी साडेसहालाच तुटक्या पुलावर पोचा, तिथून बाय बांधाने गूशान बेट, मग सू बांधावर उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत या. मेट्रोतून उतरणारे सगळे पुलापासूनच सुरुवात करतात, त्यामुळे गर्दी दिवसभर तुमच्या एक पूल मागे राहते. न्याहारी मात्र बरोबर बांधून घ्या.