तीनदा की एकदाच? अमॉक्सिसिलिनवरच्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट वाचली. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिवसातून एकदा चालतं तर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा 500 मिलिग्रॅमचा डोस तीनदा कशाला, एकदम दीड ग्रॅम घेऊन मोकळं व्हावं, तीनदा म्हणजे कंपन्यांचा धंदा, असं तुमचं म्हणणं. अहो, पण औषध तेवढंच लागणार ना, धंदा वाढला कुठे?

खरी गोम हाफ-लाइफमध्ये, म्हणजे औषध रक्तात निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेत आहे. अमॉक्सिसिलिन साधारण तासाभरात रक्तात निम्मं होतं, किडनी भराभर बाहेर टाकते. अझिथ्रोचं निम्मं व्हायला अडीच-तीन दिवस जातात, शिवाय ते पेशींमध्ये मुरून बसतं, त्यामुळे ही तुलनाच चुकते.

आता हिशेब करू, आकडे सोपे धरतो. समजा 500 घेतल्यावर रक्तात पातळी 8 झाली आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूची वाढ थांबायला किमान 1 लागते (हीच एमआयसी). 8 चे 4, 2, 1, म्हणजे तीन तास. दोन डोसमधल्या आठ तासांतले तीन तास पातळी एमआयसीच्या वर, म्हणजे जवळपास 40 टक्के वेळ, आणि अमॉक्सिसिलिन ज्यातलं आहे त्या पेनिसिलिनच्या घराण्याला साधारण एवढंच लागतं. आता एकदम दीड ग्रॅम घ्या, पातळी तिप्पट, 24 झाली असं धरलं तरी 12, 6, 3, दीड करत साडेचार-पाच तासांत खेळ खलास, मग उरलेले एकोणीस तास जंतूंना रान मोकळं. आणि पातळी एमआयसीच्या चार-पाच पटीवर गेली की त्यापुढे मारण्याचा वेग फारसा वाढतच नाही, कारण हे औषध जंतू स्वतःभोवतीची भिंत बांधत असतानाच त्याला गाठतं, म्हणून किती जोरात यापेक्षा किती वेळ हे महत्त्वाचं.

पण एक मान्य. मी सरसकट लिहिलं होतं की डोस जितके विभागून तितकं चांगलं, ते चुकलंच. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं नेमकं उलटं, एकदाच मोठा डोस जास्त मारतो आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही तास सावरत नाहीत. लेव्होफ्लॉक्सासिनही दिवसातून एकदाच. इतकंच काय, घशातल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसला अमॉक्सिसिलिनसुद्धा एकदा देतात, 10 दिवस, कारण त्याची एमआयसी इतकी कमी की पातळी खूप उतरली तरी पुरते. म्हणजे जंतू कुठला यावरही आहेच, आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं, आपण गोळ्या एकत्र करायच्या नाहीत.

आणि तुम्ही लिहिलंय की तीनदा घेऊनही गुण आला नाही. त्याला कारणं बरीच असतात, जंतूऐवजी व्हायरस असेल तर तीनदा काय नि सहादा काय. पण वेळा एकदा बघा, सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ अशा घेत असाल तर रात्रीची गॅप बारा तासांची होते.